दहिवरात जागा रिकामी होत नाही

परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या त्या एल्फांच्या गावात म्हणे सगळं उत्तमच आहे. दुष्काळ नाही, लढाई नाही, कुणी उपाशी नाही. मग त्यात गोष्ट कुठली हो?" मी घास गिळून तोंड उघडेपर्यंत मठ्ठा आला, मागोमाग जिलेबी आली आणि विषय वरपक्षाच्या मानपानावर गेला. हा प्रश्न मला नवा नाही. मंडईत येतो, फोनवर येतो, खुद्द घरातूनही येतो. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सवडीनं सांगतो.

माझी तीस वर्षं पाटबंधाऱ्याचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झालो त्या दिवाळीत भाच्यानं एक खेळ घरात आणला. टेबलाभोवती बसायचं, एकानं जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यात आपापलं पात्र होऊन वागायचं आणि घोडं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. असले खेळ अमेरिकेत १९७४ पासून चालत आलेत, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर पोचायला जरा वेळ लागला इतकंच. दर रविवारी सहा पोरं जमतात. जग सांगायचं काम माझं, कारण बाकी कुणाला नकाशा काढायचा कंटाळा. त्या नकाशातलं मोठं शहर म्हणजे दहिवर, एल्फांचं, म्हणजे परदेशी कथांतल्या देखण्या, दीर्घायुषी जमातीचं.

एल्फ आपले नव्हेत, हे कबूल. उत्तर युरोपातल्या जुन्या कवनांत त्यांचं आल्फहाइम येतं. फ्रेय नावाच्या देवाला पहिला दात आला म्हणून ते त्याला भेट मिळालं. दाताला अख्खा मुलूख! पण सुखी, देखणं, म्हातारपण नसलेलं नगर आपल्याला काही परकं नाही. मेघदूतातली यक्षांची अलका आठवा. तिथं तारुण्याखेरीज दुसरं वय नाही, आणि बायकांचे दागिने-वस्त्रं सगळी एकटा कल्पवृक्ष पुरवतो. शाळेत हे शिकलो तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा होता की अलकेत सकाळी रस्ते कोण झाडतं? कालिदासानं ते सांगितलेलं नाही, आणि सांगावं अशी अपेक्षाही नाही. मी मात्र नकाशावाला माणूस. नाला दाखवल्याशिवाय मला वस्ती काढता येत नाही.

या खेळाच्या पुस्तकात एल्फांबद्दल तीन गोष्टी दिल्या आहेत. ते साडेसातशे वर्षांपर्यंत जगतात. शंभरीच्या आसपास सज्ञान होतात. आणि झोपत नाहीत, चार तास ध्यानात बसले की झालं. पोरं हे वाचून पुढं जातात आणि तलवारीची किंमत बघतात. मी तिथंच अडकलो. या तीन ओळींतून अख्खं शहर निघतं.

म्हणजे बघा, झोप नाही तर दहिवरला रात्रच नाही. पहाटे तीनला मंडई भरलेली, मध्यरात्री मोजणीदार साखळी घेऊन हिंडतोय, पाळण्याच्या गाण्यांची भाषाच वेगळी. दुकानाला वीस तास गिऱ्हाईक. आणि श्रीमंती? सोन्याची खाण दाखवली असती तर सोपं झालं असतं, पण मी दहिवरला थांबण्यावर श्रीमंत केलं. आपला शेतकरी आडसाली उसाला दीड वर्ष थांबतो आणि तेवढ्यात त्याचा जीव टांगणीला लागतो. दहिवरची बाई आज लावलेलं झाड तीनशे वर्षांनी स्वतःच्या हातानं तोडते. म्हणून साऱ्या समुद्रकाठाला जहाजांच्या डोलकाठ्या दहिवरच्या. कर्जही तेच देतात, व्याज जुजबी, मुदत शंभर वर्षं. पणजोबानं घेतलेलं कर्ज पणतू फेडायला येतो आणि दोघांनाही गल्ल्यावर तीच बाई भेटते. पणजोबाचं नाक कसं होतं हेही ती सांगते.

थोडं कोल्हापूर त्यात आपसूक शिरलंच. गंगावेशीत दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून निरशा दुधाचा फेसाळ पेला हातात देतात, तसा कट्टा दहिवरलाही आहे, फक्त म्हशींच्या जागी पांढऱ्या हरिणी. भाचा म्हणाला, एवढ्या श्रीमंत गावात डेअरी नाही होय? मी म्हटलं, सातशे वर्षं शेजारी राहायचं म्हटल्यावर दुधात पाणी घातल्याचा एकच प्रसंग सहाशे वर्षं ऐकून घ्यावा लागतो. त्यापेक्षा समोर धार काढलेली बरी.

पण दहिवरचा खरा जीव आहे बंधाऱ्यात. तो मी बिनदिक्कत इथलाच उचललाय. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हे नाव देशभरच्या पाटबंधाऱ्याच्या कागदांत चालतं, आणि आमच्याच पोरांना तो काय ते माहीत नव्हतं. नदीत दगडी खांब उभे. खांबांना उभ्या खाचा. पावसाळ्याआधी त्या खाचांतले सगळे बरगे, म्हणजे आडव्या पट्ट्या, काढून घ्यायच्या. मग पूर बिनबोभाट निघून जातो. पाऊस सरला की बरगे पुन्हा एकावर एक बसवायचे आणि पाणी अडवायचं. बरग्यांच्या फळ्या, म्हणजे रांगा, दोन, आतली आणि बाहेरची, आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत चिखल ठासून भरायचा. चिखल नसेल तर बरग्यांना काही अर्थ नाही, फटीफटीतून पाणी जातं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मी एका बंधाऱ्यावर गेलो होतो. कागदावर एक रेघ वाटायची ती पोकळी वरून पाहिली. आत दोन माणसं छातीपर्यंत उतरलेली. वरून घमेली येत होती आणि ती दोघं पायानं चिखल तुडवत होती, भाकरीचं पीठ तिंबावं तसा. एक म्हातारा खालच्या अंगाला उभा राहून ओल्या बरग्यावर तळहात टेकवत पुढं सरकायचा. मधेच थांबून म्हणायचा, "हितं गार लागतंय." की तिथं आणखी दोन घमेली. माझ्या नकाशात त्या म्हाताऱ्याच्या तळहाताला चिन्ह नव्हतं.

आणि नदीशी इथल्या माणसाचं नातं कसलं ते २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात ज्यानं पाहिलं त्याला वेगळं सांगायला नको. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे इथं शेंबड्या पोरालाही पाठ. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे, त्यातले किती उघडले, हे आम्ही क्रिकेटच्या विकेटीसारखं विचारतो. एवढं पाणी डोक्यात असताना मी काढलेल्या शहरात नदी नुसती शोभेला वाहील, हे होणं नव्हतं.

तर दहिवरला बरगे बसवायचा दिवस म्हणजे सण. प्रत्येक घराण्याचा स्वतःचा बरगा. तेलपाणी करून काळाभोर झालेला, कडेला घराण्याची खूण कोरलेली. ज्याचा बरगा बंधाऱ्यात, त्याची खुर्ची नगरसभेत, असा तिथला कायदा. खुर्चीवर बसलेला माणूस साडेसातशे वर्षं जगतो. दहिवरात माणसंही राहतात, तुमच्या-माझ्यासारखी, साठ-सत्तर वर्षांत आटोपणारी. भाडेकरू. त्यांचा बरगा नाही. सणाच्या दिवशी ती चिखल वाहतात.

एवढं मांडून मी गप्प बसलो. मारामारी एकही ठेवली नव्हती. पोरांची पात्रं सगळी माणसं, चिखलवाल्यांच्या वस्तीत उतरलेली. दोन रविवार त्यांनी गाव बघण्यात घालवले, हरिणीचं दूध प्यायले, तिसऱ्या रविवारी नगरसभेत अर्ज टाकला की आम्हालाही बरगा मिळावा. सभेचा खजिनदार वय वर्षं सहाशे बारा, अत्यंत सभ्य. त्यानं अर्ज वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि पुढची बैठक चाळीस वर्षांनी ठेवली.

तालमीत जाणारा एक पोरगा आहे आमच्यात, मान अशी की कॉलरचं बटण लागत नाही. तो उठून उभा राहिला. "चाळीस वर्षं? काका, तवर आमचं तेरावं हुईल की!"

"त्यांना त्यात वावगं काही वाटत नाही," मी म्हटलं. "नकार दिलेला नाही त्यांनी."

"नकार देत न्हाईत हेच तर! भिजत घोंगडं ठेवायलेत."

मग जे झालं ते कोल्हापुरातच होऊ शकतं, असं माझं मत आहे, आणि त्यात गावाभिमान आहे हे मान्य. दुसऱ्या कुठल्या गावातल्या पोरांनी खजिनदाराला पळवून न्यायचा बेत केला असता. आमच्यातला सगळ्यात धाकटा, नववीतला, म्हणाला, "निम्म्या जागा राखीव मागू या." इथं ते पाठ असतं. २६ जुलै १९०२, शाहू महाराज विलायतेत असताना करवीर संस्थानच्या गॅझेटात हुकूम निघाला, मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत शेकडा पन्नास जागा. पोरांनी अगदी त्याच वळणाचा मसुदा केला. मी हुकमाची भाषा त्यांना वाचून दाखवली, तर त्यात होतं की यापुढं ज्या जागा रिकाम्या होतील त्यांतल्या पन्नास टक्के.

पोरं लिहिता लिहिता थांबली. तालमीतल्या पोरानं बोटं मोजली, मग सोडून दिली. दहिवरात जागा रिकामी होतच नाही. सभेतला सगळ्यात म्हातारा सभासद सहाशे चाळीसचा. म्हणजे पहिली जागा रिकामी व्हायला शंभरावर वर्षं, आणि ती भरायला आणखी एक बैठक.

बाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या क्षणी मिळालं. दहिवरला दुष्ट कुणी नाही. खजिनदार तर इतका भला की त्याच्यावर रागावताही येत नाही. शहर नीट चाललंय, पोटाला आहे, रस्ते स्वच्छ आहेत, आणि नेमकं म्हणूनच कुणाला घाई नाही. राक्षस ठेवला असता तर पोरांनी फासा टाकून तासाभरात लोळवला असता. या सुखाला लोळवायचं कसं?

पुढचा रविवार त्यांनी माझ्याशी एक शब्द न बोलता आपापसांत खलबतं करण्यात काढला. त्याच्या पुढच्या रविवारी बरग्यांचा सण होता. मी वाजंत्री सांगितली, तेलाचा वास सांगितला, घराण्यांचे बरगे एकेक करून खाचांत उतरवले. आता चिखल, म्हटलं. तर पोरं हाताची घडी घालून बसली.

"आम्ही नाही भरत."

खजिनदार म्हणाला, काही हरकत नाही, आम्ही थांबू. थांबण्यात त्यांचा हात कोण धरणार? पण मी पाटबंधाऱ्यातला माणूस, आणि इथं मला माझ्याच नकाशानं पकडलं. पाऊस सरल्यानंतरचं नदीचं पाणी दिवसागणिक ओसरत जातं. जे वेळेत अडवलं नाही ते गेलं. एल्फ थांबतील, नदी कुठली थांबायला? मी पहिल्या दिवशी पाणी एक हात उतरवलं. तिसऱ्या दिवशी खालच्या मळ्यांतले पाट कोरडे सांगितले. आठव्या दिवशी सभेची तातडीची बैठक बोलवावी लागली. दहिवरच्या इतिहासात 'तातडीची' हा शब्द कुणी वापरला नव्हता, त्याचा अर्थ काय यावर अर्धा तास गेला. तिथं मी मुद्दाम वेळ काढला, कारण मला मजा येत होती.

फासा कुणी टाकलाच नाही. नववीतल्या पोरानं टेबलावरचा नकाशा ओढला आणि बंधाऱ्यावर बोट ठेवलं. "रिकामी जागा कशाला पाहिजे? फळ्या दोन हायेत न्हवं? आतली तुमची ऱ्हाऊ दे. भाईरची आमची." मी ते चित्र तीस वर्षं काढत होतो. दोन समांतर रेघा. त्यांची बेरीज शंभर होते आणि निम्मे पन्नास, हे मला कधी दिसलं नव्हतं.

सभेनं ठराव मान्य केला. बाहेरच्या फळीतले बरगे माणसांच्या नावावर झाले, त्या त्या बरग्याची खुर्ची आली, आणि माणसांच्या खुर्च्या पंचवीस-तीस वर्षांत रिकाम्या होत असल्यानं त्या बाजूला सतत नवी तोंडं दिसू लागली. खजिनदाराला आता नावं लक्षात ठेवता येत नाहीत. तो बिचारा वही बाळगतो.

या जूनमध्ये तालमीतला पोरगा डिप्लोमाला पुण्याला गेला. जाताना त्याचं पात्र, चार पानांचा कागद, माझ्याकडं ठेवून गेला. दोन रविवार त्याची खुर्ची तशीच होती, कुणी तिच्यावर दप्तर ठेवायचं. तिसऱ्या रविवारी त्याची सातवीतली बहीण जिना चढून आली, "दादानं सांगितलंय," एवढंच म्हणाली आणि दप्तर खाली ठेवून बसली. पोरांनी तिला एका दमात सगळी कथा सांगितली, संप, खजिनदार, ठराव, सगळं. तिनं नकाशा जवळ घेतला. बराच वेळ बंधाऱ्याकडं बघत होती.

"काका," ती म्हणाली, "आता आतल्या फळीवर ते आणि बाहेरच्या फळीवर आम्ही. मग मधला चिखल कोण भरतंय?"

नकाशात मी ते दाखवलेलंच नव्हतं.