लोकांचे फोटो माझ्या घरच्या सर्व्हरवर? नको बाबा

इंदूरात रामबागेतल्या काकूंपासून ऑफिसातल्या पोरांपर्यंत सगळे विचारतात, तुझा स्वतःचा सर्व्हर आहे ना, मग आमचं पण अकाउंट काढून दे की. माझ्यापुरतं नेक्स्टक्लाउड (आपल्याच सर्व्हरवर फाइली-फोटो ठेवायचं सॉफ्टवेअर) मी घरी मजेत चालवतो, पण दुसऱ्यांसाठी चालवायची माझी तयारी नाही, आणि त्याचं कारण आळस नाहीये (बरं, थोडाफार असेल).

मुद्दा असा की नेक्स्टक्लाउडमध्ये साध्या सेटिंगवर ठेवलेल्या फाइली अ‍ॅडमिनला, म्हणजे मला, उघडून बघता येतात. काकूंचे बँकेचे कागद, भाचीचे फोटो, सगळं. मी बघणार नाही हो, पण "बघणार नाही" आणि "बघताच येत नाही" यात फरक आहे की नाही? प्रोटॉन किंवा टुटा या मेल सेवांकडे साठवलेली मेल एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद, पडलेली असते, तुमच्या पासवर्डाशिवाय त्यांनाही ती वाचता येत नाही. फोटोंसाठी एन्टे आहे, तेही तसंच, वर ओपन सोर्स, म्हणजे कोड कुणालाही बघता येतो.

घरून मेल चालवायचं तर नावच काढू नका. ब्रॉडबँडवर बहुतेकदा पोर्ट २५ (मेल पाठवायची वाट) बंद, आयपी (कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता) बदलत राहतो, कसंबसं जमवलंच तरी मेल स्पॅममध्ये. त्यात पावसाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टर किती वेळ साथ देणार, आणि नेमका तेव्हाच मी पुण्याला कुणाच्या तरी लग्नात असणार, मग काकूंचा फोन, "अरे, पासवर्ड उघडत नाहीयेत!" पासवर्ड माझ्याकडे कशाला, बिटवर्डनवर (पासवर्ड सांभाळणारी सेवा) ठेवा ना, फुकटच्या प्लॅनमध्येही भागतं.

भावाला मात्र अकाउंट दिलंय, त्याला बॅकअप म्हणजे काय ते कळतं आणि शिव्या घालायला तो समोरच्याच खोलीत असतो.