आईला घेऊन बांद्र्याला : मोतमाउली, बँडस्टँड आणि रानवार

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच ती बोलली होती, नीट चालायला लागले की मोतमाउलीला, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरी चर्चला, मेणाचा पाय वाहीन. तर जानेवारीत एका बुधवारी आई, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा असे निघालो. नाशिकरोडहून सातच्या सुमाराची पंचवटी. रिझर्व्हेशन करूनच जा, पासहोल्डरांच्या डब्यात चुकून चढलात तर उभ्याने जावं लागेल. उतरायचं दादरला, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. दादरला पुलावरून वेस्टर्नला यायचं, म्हातारं माणूस सोबत असेल तर सरकत्या जिन्याकडे वळा आणि गर्दीचा लोंढा आधी जाऊ द्या. अंधेरी किंवा बोरिवली लोकल धरा, विरार फास्टमध्ये शिरू नका. आणि दादरला रिक्षा शोधत बसू नका, मुंबईत रिक्षा बांद्रा-सायनपासून पुढेच चालतात, अलीकडे फक्त टॅक्सी.

बांद्रा स्टेशनला वेस्टला बाहेर पडून रिक्षाने थेट टेकडीवर चर्चला गेलो. आधी चर्च आणि मग उतार चालत खाली समुद्रकाठी बँडस्टँड असंच करा, उलटं केलंत तर चढ लागतो. चर्चबाहेर मेणाच्या वस्तूंचे स्टॉल आहेत, हात, पाय, बाळ, घरसुद्धा. विकणाऱ्या बाईने आईला पहिलं विचारलं, "उजवा की डावा?" आईने साडी जराशी वर करून गुडघ्यावरचा टाक्यांचा व्रण दाखवला, आणि त्या बाईने ढिगातून उजवा पाय शोधून, पदराने पुसून हातात दिला. वीतभर असेल, पिवळसर. आईने तो दोन्ही हातात असा धरला होता जसा सप्तशृंगीला नारळ धरते. आत शांतता, कोणी विचारत नाही तुम्ही कुठल्या धर्माचे. आत्ताची इमारत १९०४ ची, १९५४ मध्ये बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा दर्जा मिळाला. सप्टेंबरात ८ तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा असते, पण गुडघे दुखणाऱ्यांनी त्या गर्दीत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

खाली बँडस्टँडला शाहरुखच्या मन्नतसमोर पोरं फोटो काढतच होती, आम्हीही एक काढला आणि पुढे बांद्रा किल्ल्यावर गेलो. पोर्तुगिजांनी १६४० मध्ये बांधलेला, आता तटबंदीचा थोडाच भाग उरलाय, पण समोर अख्खा सी लिंक दिसतो. २००९ मध्ये सुरू झाला, साडेपाच किलोमीटरहून थोडा जास्त, त्यावर चालत किंवा बाइकने जाता येत नाही म्हणून बघायचा तर इथूनच. किनारा सगळा खडकाळ आहे, पोहण्यासारखा नाही. ओहोटीला खडक उघडे पडतात आणि मुलं आत पळतात, माझा मुलगाही गेला, दहा मिनिटांत मागच्या खाचेत पाणी भरलं आणि गुडघाभर पाण्यातून परत यावं लागलं, माझ्या पोटात गोळा आला होता. निघण्याआधी भरतीची वेळ मोबाईलवर बघून ठेवा आणि शेवाळावर पाय ठेवू नका.

मला सगळ्यात आवडलं ते रानवार, जुनं गावठाण, हिल रोडपासून जवळच. लाकडी जिने, व्हरांडे, कोपऱ्यावर क्रॉस, आणि बाजूला चॅपल रोडला भिंतींवर मोठमोठी चित्रं. एका व्हरांड्यात बसलेल्या आजींनी आईला दमलेली बघून "बसा की" म्हटलं. आई चमकली, मराठी बोलता? तर म्हणाल्या आम्ही इथलेच ईस्ट इंडियन, म्हणजे मूळचे इथले ख्रिश्चन, घरात हीच बोली. मग अर्धा तास मसाला! त्यांचा बॉटल मसाला, मिरच्या उन्हात वाळवायच्या, धणे, तीळ, खसखस, सगळं भाजून कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचं म्हणजे वर्षभर रंग टिकतो. आई आपल्या काळ्या मसाल्याचं सांगत होती, खोबरं किती काळं होईपर्यंत भाजायचं ते. मी गप्प ऐकत होते. बांद्रा म्हणजे नट्यांचे बंगले एवढंच धरून आले होते मी, आणि इथे आईला शेजारीण भेटली होती. ही लोकांची राहती घरं आहेत, विचारल्याशिवाय व्हरांड्यात शिरून फोटो काढू नका.

हिल रोड, लिंकिंग रोडला कपडे, चपला घ्यायच्या तर घासाघीस करावीच लागते आणि शनिवार-रविवार टाळा. संध्याकाळी कार्टर रोडचा सूर्यास्त बघायचा असेल तर परतीची पंचवटी विसरा, ती सहा-सव्वासहालाच सीएसएमटीहून निघते. आम्ही सूर्यास्त बघितला आणि रात्रीच्या नाशिकरोडला थांबणाऱ्या एक्सप्रेसचं आधीच काढून ठेवलेलं रिझर्व्हेशन कामाला आलं. दादरला दीड तास आधी पोहोचा, त्या वेळी बांद्र्यात रिक्षा हलतच नाही. कसाऱ्याच्या पुढे गार लागतं, शाल पिशवीत वरच ठेवा.