गेटवे बघायचा तर पाण्यातून

माझी आत्या अलिबागला, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मांडव्याची लाँच ठरलेली असायची आणि परत येताना बाबा आम्हाला वरच्या डेकवर न्यायचे. आधी ताज दिसायचं, मग त्याच्या पुढ्यात काडेपेटीएवढा गेटवे, आणि बघता बघता तो एवढा मोठा व्हायचा की मान वर करायला लागायची.

त्यामुळे रस्त्याने जाऊन सेल्फी काढून परत फिरणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, कारण ती दाराची आतली बाजू झाली हो, दार तर समुद्राकडे तोंड करून आहे. आणि रस्त्यावरून तो जरा तिरका वाटतो त्याचं कारण म्हणजे पैसे संपले. समोरून सरळ मोठा रस्ता करायचा होता तो कधी झालाच नाही.

परवा भाचीला घेऊन गेले होते. कमानीवर कोरलेलं वाचत होती, पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ ला इथे उतरले वगैरे, आणि मी सांगितलं की तेव्हा हे बांधलेलंच नव्हतं, राजाला नुसतं पुठ्ठ्याचं मॉडेल दाखवलं. तिला खरंच वाटेना! पायाचा दगड १९१३ चा, जॉर्ज विटेटचं डिझाइन १९१४ ला मंजूर झालं आणि उद्घाटन व्हायला १९२४ चा डिसेंबर उजाडला. आपलं म्युझियम, म्हणजे जवळचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, ते पण विटेटचंच, आणि दोन्हीकडे त्याने इथल्या जुन्या इमारतींकडे नीट बघितलंय हे कळतं. गेटवेच्या दगडी जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या, त्यांच्याजवळ जाऊन उभं राहा एकदा, दुपारी त्यातून फरशीवर उन्हाचे ठिपके पडतात. २६ मीटर उंच कमानीखाली सगळे वर बघतात, ह्या जाळ्यांकडे फार कमी जण वळतात.

पण मला सगळ्यात आवडते ती गोष्ट २८ फेब्रुवारी १९४८ ची. ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री, ह्याच कमानीतून बाहेर पडली आणि बोटीत बसून गेली. राजाच्या स्वागताला बांधलेल्या दारातून त्यांचेच सैनिक कायमचे गेले, हे तिथे उभं राहून आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. आणि आज त्या कमानीसमोर घोड्यावर शिवाजी महाराज आहेत, १९६१ पासून.

तर जायचं असेल तर आदल्या दिवशी मांडव्याला जाऊन राहा आणि सकाळच्या लाँचने परत या. ऊन तुमच्या पाठीमागून थेट गेटवेवर पडतं आणि तो पिवळसर बेसाल्ट अक्षरशः मधासारखा दिसतो. मोबाईल आधीच काढून ठेवा, शेवटची पाच मिनिटं फार पटकन संपतात.