धाव

काल दुपारी भांडी लावताना स्टीलचे दोन पेले एकमेकांत अडकले. ओले पेले एकात एक घालू नका, असं मी घरात शंभरदा सांगितलंय. या वेळी घालणारा मीच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

उपाय पाठ आहे. आतल्यात बर्फाचं पाणी, बाहेरचा कढत पाण्याच्या पातेल्यात उभा. आतला आकसतो, बाहेरचा पसरतो. किती? सात सेंटिमीटर तोंडाचा पेला, फरक ६० अंशांचा, तर जेमतेम ०.०७ मिलिमीटर. केसाएवढं. तेवढं पुरतं. बरणीचं झाकण, डिसेंबरात २४ अंशांखाली दगड झालेलं खोबरेल, सगळ्यांवर माझं औषध एकच, गरम पाणी. बायकोचंही एकच आहे, ओट्यावर आपटणं. त्यानं पोचा येतो आणि पेले जन्माचे अडकतात, हे मी तिला समजावून थकलोय.

पातेल्याशी उभा होतो आणि गावच्या लोहाराचं अंगण आठवलं. उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाचं लाकूड वाळून आकसलं की वरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, खुळखुळायला लागायची. मग चाकं ओढ्यात उभी करायची. लाकूड फुगायचं, चार दिवस भागायचं. त्यानं भागेनासं झालं की लोहार. तो धाव कापून, टोकं सांधून, घेरात चाकापेक्षा बोटभर कमीच ठेवायचा. ती जमिनीवर आडवी, भोवती गोवऱ्या, आणि तासभर धूर. लाल झाली की तिघे-चौघे सांडशींनी उचलून चाकावर ठेवायचे. मघाशी न बसणारी धाव आता अलगद बसायची! कडेचं लाकूड पेटायचं, कुणीतरी ओरडायचं, "पाणी! पाणी!" घागरींमागून घागरी. चर्रर्र, वाफ, काही दिसायचं नाही. आणि त्या वाफेतून कट्, कट्. आरे मधल्या तुंब्यात घुसत असायचे.

मला वाटायचं, चाकाला दुखतंय. आजोबांना तसं म्हटलंही एकदा.

"दुखतंय कसलं? आवळतंय. तुझी आजी कामाला लागायच्या आधी पदर खोचते ना, तसं."

पुढे गाडीला रबरी टायर आले. चाकाचं लाकूड बंबात गेलं. धाव अजून गोठ्याच्या भिंतीला टेकून आहे. दुपारी तापते, रात्री निवते. आवळायला आत काही नाही.

एवढ्यात पातेल्यातलं पाणी निवून गेलं होतं, बर्फही विरघळला होता. पेले जसेच्या तसे.

"द्या इकडे," बायको म्हणाली. ओट्यावर एकदाच आपटले. सुटले.

पोचा आलाय आतल्याला. त्यातून ताक मीच पितो आता.