मुलुंडचं भिंतीभर कपाट: जानेवारी ते जून

१८ जानेवारीला कपाटाचा पहिला बॉक्स उभा करायला घेतला आणि तो उभा राहीना. जमिनीवर आडवा जोडला होता, स्क्रू मारले होते, गुण्या लावून कोपरे तपासले होते. भाऊ आणि मी मिळून उचलायला लागलो, तर अर्ध्याहून वर गेल्यावर मागचा वरचा कोपरा पीओपीच्या सीलिंगला लागला. बॉक्सची उंची २४०० मिमी, सीलिंग २४२५ मिमीवर. कागदावर २५ मिमी जागा शिल्लक होती. पण आडवी पेटी उभी होताना तिचा कर्ण आडवा येतो. २४०० उंची आणि ६०० खोलीचा कर्ण जवळजवळ २४७४ मिमी भरतो. हा हिशोब मी केलाच नव्हता.

याआधी मी दोन बेडसाइड टेबलं आणि एक पुस्तकांचं शेल्फ केलं होतं. सुटं सामान खोलीच्या मापाशी जरा फटकून असलं तरी चालतं. भिंतीभर कपाटाला खोलीचा प्रत्येक दोष सांभाळून घ्यावा लागतो. पाच महिने मी मुख्यतः तेच शिकले.

उपाय सोपा निघाला, कारण बॉक्सचा तळ जमिनीपासून १०० मिमी वर होता. दोन्ही साइड्स तळाखालून कापून टाकल्या. बॉक्स २३०० चा झाला, कर्ण २३७७ वर आला आणि तो आरामात उभा राहिला. खालचे १०० मिमी भरून काढायला वेगळा प्लिंथ, म्हणजे बॉक्सखालची बैठी चौकट, केली. मग कळलं की जाणकार माणसं मुळातच असं करतात. प्लिंथ आधी एकटा लेव्हलमध्ये बसवायचा आणि त्यावर बॉक्स ठेवायचे. ६५ किलोच्या पेटीखाली पाचरी सरकवत बसण्यापेक्षा हलकी चौकट लेव्हल करणं कितीतरी सोपं.

भांडुपला आमच्या ओळखीचे एक सुतारकाका राहतात. मूळचे कुडाळकडचे, चाळीस वर्षं मुंबईत काम करून आता निवृत्त. मी कापायच्या मापांची यादी दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी कागदाकडे न बघता विचारलं, भिंतीचं माप किती ठिकाणी घेतलंस? एकाच ठिकाणी घेतलं होतं. "गो बाय, भिंत खंयची सरळ असता? आधी ती मोज, मगे लाकूड काप."

घरी येऊन तीन उंचींवर मापं घेतली. खाली २७४८, मधे २७४०, वर २७३१. एकाच भिंतीत १७ मिमीचा फरक. इमारत १९८० च्या दशकातली, प्लास्टरवर प्लास्टर चढलेलं. लादीला डावीकडून उजवीकडे ११ मिमी उतार. सगळ्यात कमी माप धरायचं, हा पहिला नियम. २७३१ मधून ८८० चे तीन बॉक्स, म्हणजे २६४०, वजा केले की ९१ मिमी उरतात. दोन्ही बाजूंना भिंत आणि बॉक्समधली जागा झाकणाऱ्या साधारण ४५ मिमीच्या फिलर पट्ट्या. शेवटच्या शटरला, म्हणजे कपाटाच्या दाराला, भिंतीपासून मोकळं उघडायलाही एवढी जागा लागते, म्हणून फिलर वाया गेलेली जागा समजू नका.

फेब्रुवारी सगळा कटिंगमध्ये गेला. इथे माझं मत ठाम आहे. हातातला कटर टेबलाखाली उलटा बसवून, गार्ड काढून त्यावर प्लाय ढकलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. मी ती करणार नाही आणि शिकणाऱ्या कुणीही करू नये. पात्यामागे कापलेली फट उघडी धरणारा फाळ नसतो, त्यामुळे कापलेली फट आवळली की फळी मागे उसळते आणि हात पात्याकडे ओढला जातो. ८ बाय ४ च्या १९ मिमी प्लायचं वजन ३५ ते ४० किलो असतं. बेडरूममध्ये एकटीने ती फळी सरळ रेषेत ढकलणं मला अशक्य आहे. मोठे तुकडे पॅनल सॉ, म्हणजे अख्खी फळी कापणारं मोठं यंत्र, असलेल्या वर्कशॉपमधून कापून, कडांना पट्टी लावून आणले. ते लिफ्टमध्ये मावले, हा आणखी एक फायदा. घरी फक्त जिगसॉ, ड्रिल आणि रंधा.

प्लिंथसाठी पाण्याला सगळ्यात जास्त टिकणारा मरीन प्लाय (भारतीय मानक आयएस ७१०) घेतला, वरच्या बॉक्सना त्याहून जरा कमी टिकणारा बीडब्ल्यूआर (आयएस ३०३). रोज लादी पुसली जाते आणि पाणी सगळ्यात आधी प्लायच्या खालच्या कापलेल्या कडेतून वर चढतं. म्हणून त्या कडेला दोन हात प्रायमर मारला आणि पाचरी लाकडाच्या न वापरता प्लास्टिकच्या वापरल्या. लादीचा सगळ्यात उंच बिंदू शोधून तिथून सुरुवात करायची आणि बाकीची बाजू त्या पातळीला उचलायची. उलटं केलं की उंच जागी चौकट खालून तासावी लागते. पाणसळ (स्पिरिट लेव्हल) चार फुटी वापरली. एक फुटी पाणसळीने तीन मीटरची लेव्हल काढायला जाऊ नका.

मार्चमध्ये भिंतीत भोकं. या भागावर मी सर्वाधिक वेळ घालवला.

आमच्या कपाटामागची भिंत साडेचार इंची विटेची, आणि पलीकडे बाथरूम. नळजोडणी सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकच्या पाइपची आहे. धातू शोधणारं डिटेक्टर यंत्र प्लास्टिकचा पाइप दाखवत नाही, हे लक्षात ठेवा. यंत्राने हिरवा दिवा दाखवला म्हणजे भिंत रिकामी, असं नाही. म्हणून बाथरूममध्ये जाऊन गीझर, शॉवर आणि नळांच्या जागा मोजल्या, त्या बेडरूमच्या बाजूला पेन्सिलने उतरवल्या आणि त्यांच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत एकही भोक घेतलं नाही. वायरिंगचंही तसंच. स्विचबोर्डपासून वायर सहसा सरळ उभी सीलिंगकडे जाते, पण जुन्या घरात कुणीतरी तिरकी नेलेली असू शकते. व्होल्टेज ओळखणारा टेस्टर वायरमध्ये वीज असतानाच दाखवतो. त्यामुळे आधी मेन चालू ठेवून शोध घेतला, खुणा केल्या आणि मग त्या खोलीचा एमसीबी पाडून ड्रिल केलं. ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतल्या पॉइंटवरून, जिथे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच आहे.

प्लास्टर १२ ते १५ मिमी जाडीचं असतं. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारा भोकातला प्लग, तेवढ्यातच बसली तर स्क्रू प्लास्टरसकट बाहेर येतो, ती विटेत पोहोचायला हवी. पण साडेचार इंची भिंतीत जास्त खोल गेलं तर पलीकडची टाइल फुटते. बिटला ६० मिमीवर इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि टेप भिंतीला टेकली की थांबले. भोकातली भुकटी फुंकून नाही, तर व्हॅक्यूमने काढली. नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी आधी आपली भिंत कशाची आहे ते बघा. एएसी ब्लॉकमध्ये, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यात, साधी गिट्टी फिरत राहते. त्याला खास फास्टनर मिळतात आणि हॅमर बंद ठेवून भोक पाडावं लागतं.

मास्कबद्दल कंटाळा करू नका. वीट आणि प्लास्टरच्या धुळीत सिलिका असते, आणि लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवली आहे. एन९५, चष्मा, कानाला मफ्स. सीलिंगजवळच्या भोकांसाठी स्टूल नाही, घडीची शिडी, आणि खाली एक माणूस. सोसायटीने ड्रिलसाठी दिलेले तास संपले की थांबायचं, मग दोनच भोकं उरलेली का असेनात. घाईत मारलेलं भोकच बहुधा चुकतं.

एप्रिलमध्ये तिन्ही बॉक्स प्लिंथवर चढले, एकमेकांना आणि भिंतीला बांधले गेले. मग शटर लावली. हिशोब असा: ८८० च्या बॉक्सवर ४३७ ची दोन शटर, मधे ३ मिमी फट, दोन्ही टोकांना दीड-दीड. शेजारच्या बॉक्सचे दीड धरून तिथेही तीनच मिमी दिसतात, म्हणजे आपलं सुतारी एक सूत. बिजागऱ्या झीरो क्रँकच्या, म्हणजे शटरने बॉक्सची कड झाकणाऱ्या, ३५ मिमीच्या कपाची भोकं १२ मिमी खोल, कडेपासून भोकाचा मध्य साडेबावीसवर. एक शटर १५ किलोच्या आसपास भरतं, म्हणून प्रत्येकाला पाच बिजागऱ्या. लॅमिनेट दोन्ही बाजूंना एकाच जाडीचं. एवढ्या उंच शटरला एकाच बाजूने लावलं तर मुंबईच्या दमट हवेत ते वाकायचंच.

मधल्या बॉक्सने मला छळलं. वर २ मिमी फट, खाली ५, आणि डावं शटर उजव्यापेक्षा पुढे आलेलं. तासभर बिजागरीचे स्क्रू फिरवले. वरचं जुळलं की खालचं बिघडायचं. दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी बिजागरीला हातसुद्धा लावला नाही. बॉक्सच्या चारही कोपऱ्यांना ओळंबा धरला. मागचा एक वरचा कोपरा भिंतीतल्या खळग्याकडे ओढला गेला होता. मी तो स्क्रू जोर लावून आवळला होता, मागे पाचर न देता, आणि अख्खी पेटी पिळली गेली होती. स्क्रू सैल केला, मागे ४ मिमीचा प्लास्टिकचा तुकडा सरकवला, बेताने आवळला. फट वरपासून खालपर्यंत तीन झाली. आता भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूमागे, जिथे पोकळी असेल तिथे, आधी पाचर आणि मगच स्क्रू. शटर जुळेना की बिजागरीच्या आधी पेटी तपासते.

मे महिन्यात फिलर. हे काम मला सगळ्यात आवडलं. पट्टी ओळंब्यात धरून क्लॅम्प करायची, भिंत आणि पट्टीमधल्या सगळ्यात मोठ्या फटीएवढा लाकडी ठोकळा घ्यायचा, त्याला पेन्सिल टेकवून भिंतीवरून वरून खाली सरकवायचं. भिंतीचा प्रत्येक फुगवटा पट्टीवर उतरतो. लॅमिनेट उचकटू नये म्हणून उलट्या दातांचं जिगसॉ पातं वापरलं आणि रेषेच्या बाहेरून कापलं. मग रंध्याने मागची बाजू किंचित जास्त तासली, म्हणजे फक्त पुढची धार भिंतीला टेकते. डावी पट्टी चौथ्या खेपेला बसली. काकांनी नख फिरवून बघितलं, कुठे अडकलं नाही. उजवीकडे खाली एक मिमी उघडं राहिलं आहे, तिथे रंगाशी जुळणारं सीलंट भरणार आहे.

आज ७ जून. हँडल बसायची आहेत. बॉक्सच्या पाठीच्या फळीमागे २० मिमी हवा खेळती ठेवली आहे, बाथरूमच्या भिंतीला ओल येते का ते पहिल्या मोठ्या पावसानंतर मागची पट्टी काढून बघेन. प्रत्येक शटरच्या आतल्या कडेला आजची तारीख आणि वर, मधे, खाली मोजलेली फट पेन्सिलने लिहून ठेवली आहे. गणपतीनंतर पुन्हा मोजून कुठलं शटर किती हललं ते कळवते.