आईबाबांसाठी सुपर टॉप-अप बघतोय, त्याबद्दल थोडं

आईबाबांची जुनी पॉलिसी ३ लाखांची, आणि ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात बायपासचं बिल झालं तर ती काही पुरायची नाही. म्हणून वरून सुपर टॉप-अप, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारी जोड पॉलिसी, शोधतोय. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यात मोठा फरक आहे, साध्यात ३ लाखांचं डिडक्टिबल (म्हणजे आधी आपण किंवा जुन्या पॉलिसीने भरायची रक्कम) प्रत्येक ॲडमिशनला वेगळं मोजतात, म्हणजे वर्षात २-२ लाखांची दोन बिलं झाली तर त्यातून दमडीही मिळत नाही, सुपरमध्ये वर्षभराची बिलं एकत्र धरतात म्हणून ४ लाखांतले वरचे १ लाख मिळतात. वयस्कर माणसांचं हेच होतं ना, एकदा ॲडमिट झाले की दोन महिन्यांनी परत! त्यामुळे साधा कितीही स्वस्त असला तरी नकोच.

को-पे, म्हणजे क्लेममधला आपण भरायचा वाटा, तोही बघा. २० टक्के असेल तर ५ लाखांच्या क्लेममध्ये १ लाख आपल्या खिशातून. एक एजंट तर फॉर्मवर बाबांच्या डायबेटीससमोर सरळ 'नाही' टिक करत होता, मी थांबवलं, कारण उद्या क्लेम नाकारला तर हा फोनही उचलणार नाही. जुन्या आजाराचं वेटिंग, म्हणजे तो कव्हर होईपर्यंत थांबायचा काळ, २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं, पण या वयात तेही खूप झालं हो, म्हणून प्रीमियम जास्त गेला तरी मी कमी वेटिंगवालीच घेणार.

आणि घरात कोणी ७० किंवा त्याहून जास्त वयाचं असेल तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड आधी काढा, ५ लाखांपर्यंत कव्हर, उत्पन्नाची अट नाही, फक्त जवळचं हॉस्पिटल योजनेच्या यादीत आहे का ते बघून ठेवा.