वकिलाविरुद्धची तक्रार कुठे करायची?

गेल्या पावसाळ्यात सोलापूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक वयस्कर विडी कामगार बाई माझ्याकडे आल्या. घराच्या वाटणीचा त्यांचा दावा काही वर्षांपासून चालू होता. आधीच्या वकिलांशी फीवरून बिनसले होते आणि खरेदीखतासह सगळे कागद त्यांनी "बाकी द्या आणि कागद न्या" असे सांगून ठेवून घेतले होते. बाईंनी शेजारच्या मुलाकडून एक अर्ज लिहून आणला होता. "वकीलसाहेब, हा बार रूममध्ये कुणाकडे द्यायचा?" असे त्यांनी विचारले. बार रूम म्हणजे न्यायालयातली वकिलांची बसण्याची खोली.

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत अनेकदा ऐकला आहे. वकील संघ आणि बार कौन्सिल या दोन वेगळ्या संस्था आहेत, हे पक्षकारांना माहीत नसते, आणि खेदाने सांगावे लागते की काही तरुण वकिलांनाही ते नीट ठाऊक नसते. वकील संघ ही त्या त्या न्यायालयातल्या वकिलांनी आपल्या सोयीसाठी आणि अडचणी मांडण्यासाठी स्थापन केलेली संघटना असते. समजूत घालणे तिला शक्य आहे, परंतु कुणाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, रोखणे तिच्या अधिकारात नाही. तो अधिकार वकील अधिनियम, १९६१ अन्वये स्थापन झालेल्या राज्य बार कौन्सिलचा आहे. आपल्यासाठी ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल असून तिचे कार्यालय मुंबईत आहे. दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव हे प्रदेशही तिच्याच कक्षेत येतात.

या कौन्सिलवर पंचवीस सदस्य निवडून जातात आणि महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे मुख्य वकील, पदसिद्ध सदस्य असतात. मतदार फक्त वकील असतात. मतदान पसंतीक्रमाने, म्हणजे एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते आणि मुदत पाच वर्षांची असते. निवडणूक आली की उमेदवार बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटपर्यंत प्रत्येक बार रूममध्ये येऊन जातात. ते ज्येष्ठांना भेटतात, कनिष्ठांच्या मानधनाविषयी, वकिलांवरील हल्ल्यांविषयी आणि कल्याण निधीविषयी बोलतात. हे विषय खरेच महत्त्वाचे आहेत. पक्षकाराने वकिलाला दिलेल्या अधिकारपत्रावर, म्हणजे वकीलपत्रावर, आपण जे कल्याण निधीचे तिकीट लावतो, त्यातून जमा होणारा पैसा आजारी किंवा दिवंगत सहकाऱ्याच्या घरी पोहोचतो, आणि त्याची किंमत मी जवळून पाहिलेली आहे. मात्र शिस्तपालन समितीचे काम कसे चालवणार, असा प्रश्न मी एकाही सभेत कुणाला विचारताना ऐकलेला नाही, आणि मलाही तो विचारायला फार उशीर झाला.

वास्तविक कायद्याने कौन्सिलकडे सोपवलेल्या कामांत सनद देणे, वकिलांची नामावली ठेवणे आणि वकिलांच्या हक्कांचे रक्षण करणे यांच्याच पंक्तीत गैरवर्तनाच्या प्रकरणांचा निवाडा करणे हेही आहे. तक्रारीत तथ्य वाटले तर कलम ३५ नुसार कौन्सिल ती शिस्तपालन समितीकडे पाठवते. या समितीत तीन जण असतात, दोन कौन्सिलचे सदस्य आणि एक बाहेरून घेतलेले अनुभवी वकील. साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार समितीला आहेत. ती तक्रार फेटाळू शकते, ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी वकिली थांबवू शकते किंवा नामावलीतून नावच काढू शकते. एका वर्षात निकाल लागला नाही, तर प्रकरण दिल्लीला, भारतीय बार कौन्सिलकडे जाते. समितीच्या आदेशावरील अपीलही तिथेच साठ दिवसांत करायचे असते आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात.

आपल्याच मतदारावर कारवाई करणे निवडून आलेल्या माणसाला जड जाते, ही शंका रास्त आहे. तरीही आपल्या कौन्सिलचा इतिहास अगदीच निराशाजनक नाही. मुंबईच्या दंडाधिकारी न्यायालयाबाहेर काम मिळवण्यासाठी पक्षकारांना ओढून नेणाऱ्या काही वकिलांना राज्य कौन्सिलने शिक्षा केली, भारतीय बार कौन्सिलने त्यांना सोडून दिले, तेव्हा राज्य कौन्सिल स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेली. व्यवसायाची प्रतिष्ठा जपणे हे कौन्सिलचे कर्तव्य असल्यामुळे तिला असे अपील करता येते, असे न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केले. आपल्याच नामावलीतील वकिलांच्या विरोधात उभी राहिलेली ती कौन्सिल मला वकिलांची खरी प्रतिनिधी वाटते.

या जबाबदारीचे वजन आता वाढले आहे. वकिलांच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी दिला. वकील म्हणून मला तो पटतो. पण त्यामुळे पक्षकारासमोरचे एक दार बंद झाले आणि उरलेल्या दारांपैकी मुख्य दार बार कौन्सिलचे आहे, हे आपण विसरता कामा नये. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये सनदेसाठी कायद्यात ठरवलेल्या ७५० रुपयांहून, आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांहून, अधिक शुल्क घेण्यास न्यायालयाने राज्य कौन्सिलांना मनाई केली. गरीब घरातल्या मुलामुलींसाठी हा मोठा दिलासा आहे.

सोलापूरहून मुंबई म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापुरात बसू लागले आणि सोलापूरच्या पक्षकारांची मुंबईची खेप वाचली. शिस्तपालन समितीच्या सुनावण्याही अशाच जिल्ह्यांजवळ व्हाव्यात, अशी माझी कळकळीची मागणी आहे, कारण विडीच्या मजुरीवर जगणारी बाई एकेका तारखेसाठी मुंबई गाठू शकत नाही.

मी त्यांना म्हटले, "मावशी, हा अर्ज इथे चालणार नाही; पण कागद तुमचेच आहेत." फी बाकी असली तरी वकिलाला पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, फीसाठी त्याने वेगळा कायदेशीर मार्ग घ्यावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निर्णय आहे. आधीच्या वकिलांच्या संमतीशिवाय किंवा न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याच दाव्यात वकीलपत्र दाखल करणे नियमात बसत नसल्याने मी प्रथम त्या सहकाऱ्यांना या निर्णयाचा हवाला देऊन पत्र लिहिले, आणि सोबत कौन्सिलकडे पाठवायच्या तक्रारीचा मसुदाही तयार करून ठेवला.

आठवड्याभरात कागद आले, संमतीही आली. बाईंनी माझ्या टेबलावर एकेक पान मोजून घेतले आणि खरेदीखत वेगळे काढून पदराखाली धरले. तक्रारीवर सही करायची की नाही, हे त्यांनी अजून ठरवलेले नाही. मसुदा माझ्याकडे तसाच तयार आहे.